घरातली शुश्रूषा : माणूस मिळाल्यानंतरचे प्रश्न

रुग्णालयातून डिस्चार्ज मिळताना हातात पडणाऱ्या कागदावर औषधांची नावं असतात आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या सत्तर किलोंच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, ते त्यावर नसतं. रात्री नाकातली नळी निघाली तर कुणाला बोलवायचं, तेही नसतं. मग घरचे ओळखीपाळखीत विचारत सुटतात, 'कुणी चांगली मावशी आहे का?'

शहरांत या प्रश्नाला दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. ब्युरोकडून कुणीतरी येतं, घरच्यांना हायसं वाटतं. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण माणूस मिळणं आणि शुश्रूषेची व्यवस्था लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरची शुश्रूषा हे कौशल्याचं काम आहे. त्याला शिकवणारं कुणी लागतं, देखरेख करणारं कुणी लागतं, करणाऱ्याला विश्रांती लागते आणि या सगळ्याला पैसा लागतो. आज या चारांपैकी एकाही गोष्टीची जबाबदारी नेमकी कुणावर आहे, हे सांगता येत नाही. या विषयाचा आढावा घेताना सगळ्या वाटा फिरून इथेच येतात.

गरज किती आणि कसली

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती. महाराष्ट्रात ती एक कोटीच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के होती. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर २०२३मध्ये काढलेल्या अहवालानुसार हा आकडा २०२२मध्ये १४.९ कोटींवर गेला आणि २०५०पर्यंत तो ३४.७ कोटी होईल. तेव्हा दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल.

नुसत्या वयावरून मात्र गरज ठरत नाही. ती ठरते रोजच्या साध्या कामांवरून : आंघोळ, कपडे घालणं, जेवण, शौचाला जाणं, पलंगावरून उठणं, घरात चालणं. यातलं काय आपलं आपण होतं, काय हात धरून होतं आणि काय अजिबात होत नाही, हे एका कागदावर लिहून काढलं की कोणत्या प्रकारचा माणूस हवा आणि किती तासांसाठी, ते बरंचसं स्पष्ट होतं. बहुतेक घरं हा कागद न करताच 'चोवीस तासांची बाई हवी' म्हणून फोन लावतात.

स्मृतिभ्रंशाची गरज या कागदातही पुरती बसत नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या माणसांचे हातपाय चालतात, पण त्यांना घटकाभर एकटं सोडता येत नाही. दिवस कलला की अस्वस्थता वाढते. स्वतःच्याच घरात बसून आजी 'मला घरी सोडा' म्हणत राहतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं सगळं नीट करणारी मावशी इथे अडखळते. ती समजावत बसते, वाद घालते, दार लावून घेते. इथे वेगळं शिक्षण लागतं : विषय बदलणं, हातात काहीतरी काम देणं, आजींबरोबर चार पावलं चालून येणं. आपल्याकडे हे शिकलेली माणसं फार थोडी आहेत.

कोण कोणतं काम करतं

या क्षेत्रात सरसकट 'केअरटेकर' म्हटलं जातं, पण त्या शब्दाखाली तीन-चार वेगळ्या पायऱ्या येतात. पहिली पायरी मावशी, आयाबाई किंवा मामांची. आंघोळ, स्पंजिंग, डायपर, भरवणं, फिरवणं, सोबत ही त्यांची कामं. काहींनी काही महिन्यांचा सहायकाचा अभ्यासक्रम केलेला असतो, बहुतेक जणी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात बघून-बघून शिकलेल्या असतात. त्यावरची पायरी एएनएम आणि जीएनएम नर्सची. एएनएमचं शिक्षण दोन वर्षांचं, जीएनएमचं तीन वर्षांचं, आणि दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, गळ्याला छिद्र केलेलं असल्यास तिथलं सक्शन, ही नर्सची कामं. फिजिओथेरपिस्टचं काम आणखी वेगळं.

चूक दोन्ही बाजूंनी होते. काही घरं नुसत्या सोबतीसाठी महागडी नर्स ठेवतात आणि चार महिन्यांत पैसा संपला की सगळंच बंद करतात. काही घरं मावशीकडून सक्शन करून घेतात, कारण 'तिला येतं'. बहुतेक रुग्णांना खरं तर मिश्र व्यवस्था लागते. रोजच्या कामाला मावशी, आठवड्यातून एक-दोनदा येऊन कातडी, नळ्या, रक्तदाब आणि औषधं तपासून मावशीला पुढचं सांगणारी नर्स, आणि गरजेप्रमाणे फिजिओ. चोवीस तासांच्या नर्सपेक्षा हे स्वस्त पडतं आणि एकट्या मावशीपेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. पण ही जुळणी करून देणारं कुणी नसतं. ती घरातल्या एखाद्या मुलीला किंवा सुनेला नोकरी सांभाळून फोनवर करावी लागते.

ब्युरो, कंपनी आणि ओळख

माणूस मिळण्याच्या वाटा तीन. ब्युरो नोंदणीचे पैसे किंवा डिपॉझिट घेतो, पगारातून कमिशन कापतो आणि खाडा झाला तर बदली देण्याचं कबूल करतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मोठ्या शहरांत कंपन्याही आल्या आहेत. त्यांच्याकडे पावती मिळते, कधी देखरेख करणारी नर्स मिळते, आणि दर जास्त असतो. तिसरी वाट ओळखीची. त्यात कमिशन नसतं, पण मावशी गावी गेली की बदलीही नसते.

ब्युरोशी बोलताना पगार ठरवण्याआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत. आपण देतो त्यातले मावशीच्या हातात किती पडतात? बदली किती तासांत मिळेल, आणि ती आधीच्या मावशीकडून काम समजून घेईल का? तुमच्याकडे देखरेखीला नोंदणीकृत नर्स आहे का, आणि ती घरी येते का? काम थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि डिपॉझिट परत मिळतं का? पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर न देणाऱ्या ब्युरोची माणसं टिकत नाहीत, कारण ज्यांना पैसे कमी मिळतात त्या लवकर सोडून जातात. ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी अवश्य करावी, पण पडताळणीतून आधीची गुन्ह्यांची नोंद तेवढी कळते. हात कसा आहे, ते कळत नाही.

या सगळ्यावर सरकारी नजर जवळपास नाही. खाटा असलेल्या शुश्रूषागृहांना महाराष्ट्रात १९४९च्या कायद्याने नोंदणी करावी लागते. घरी माणसं पाठवणाऱ्या ब्युरोला दुकानासारखी नोंद पुरते. तिथे कोण शिकलं आहे आणि कोण नाही, हे कुणी तपासत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं. ज्येष्ठांना घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा, या गोष्टी त्यात होत्या. ते मंजूर झालं नाही आणि २०२४मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर बारगळलं.

कूस बदलणं आणि एक वही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, असं सगळे सांगतात. कशी बदलायची, ते फारसं कुणी दाखवत नाही. नवखा माणूस काखेत हात घालून ओढतो. त्यात अधू बाजूचा खांदा दुखावतो आणि कमरेखालची कातडी चादरीवर घासली जाते. शिकलेली मावशी खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी घडी केलेली चादर आधीच आडवी घालून ठेवते. वर सरकवायचं तर दोघांनी ती चादर उचलायची, माणूस ओढायचा नाही. कुशीवर वळवताना ती पलीकडचा गुडघा दुमडते, पलीकडचा हात छातीवर आणते, मग एक हात खांद्याला आणि एक कमरेला लावून माणसाला आपल्याकडे वळवते. पाठीशी उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी.

मग ती पलंगाला वळसा घालून माकडहाडावरची कातडी बघते. लाल जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडली तर ठीक. दाबूनही तशीच राहिली तर आत जखम सुरू झाली आहे आणि त्या बाजूवर आता निजवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तेव्हा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने बघावं लागतं. भाड्याने मिळणारी हवेची गादी उपयोगी आहे, पण ती घातली म्हणून कूस बदलणं थांबवता येत नाही. नळीतून भरवतानाही तेच : डोक्याकडची बाजू उंच करून भरवायचं आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. घाईत आडवं ठेवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होऊन माणूस पुन्हा रुग्णालयात जातो. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण प्रत्येक गोष्ट हातावर हात ठेवून शिकवावी लागते. रुग्णालयात डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस नातेवाइकांना आणि मावशीला वॉर्डातल्या सिस्टरने हे करून दाखवलं, तर पुढची कित्येक दुखणी टळतील.

दुसरी गोष्ट वहीची. पलंगाशेजारी साधी शंभर पानी वही ठेवावी. 'स. ७ : डावी कूस. लघवीची पिशवी ४०० मिली, रंग गडद. ९ : पेज २०० मिली, नळीतून. ११ : उजव्या टाचेला लाली, सिस्टरना फोन केला.' एवढ्याच ओळी. रात्रपाळीची बाई हे वाचून काम सुरू करते, बदली आली तरी घराला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि डॉक्टरांना 'बरे आहेत' याऐवजी काहीतरी हाती लागतं. लिहिता न येणाऱ्या मावशीसाठी घड्याळाच्या तासांचा तक्ता करून खुणा करायला दिल्या तरी चालतं. माझ्या मते, घरची शुश्रूषा नीट चालली आहे की नाही, याची सर्वांत खात्रीची खूण ही वही आहे.

करणारीचाही विचार

चोवीस तासांच्या मावशीला चोवीस तास जागं राहता येत नाही, ही साधी गोष्ट करार करताना विसरली जाते. रात्री चार वेळा उठवणारा रुग्ण असेल तर दोन पाळ्या लागतात. एकीच्याच जिवावर ते रेटलं तर तिसऱ्या आठवड्यात ती निघून जाते, किंवा थकून चूक करते. सलग झोपेचे तास, आठवड्याची सुटी, झोपायला जागा, घरच्यांसारखंच जेवण आणि बसायला खुर्ची, हे सगळं पहिल्या दिवशी बोलून लिहून घ्यावं. अजूनही कितीतरी घरांत या बायांसाठी वेगळा कप असतो आणि जातीची चौकशी होते. ज्यांच्या हातून आपले आईवडील जेवतात त्यांना असं वागवणं लाजिरवाणं आहे, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने या बाया मधल्यामध्ये अडकल्या आहेत. त्या नोंदणीकृत नर्स नाहीत. महाराष्ट्राने २००८मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण रुग्णाची शुश्रूषा म्हणजे धुणीभांडी नव्हे. त्यात कौशल्य आहे, संसर्गाचा धोका आहे, पाठीवर ताण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे कामावर ठेवणाऱ्यांना आणि काम करणाऱ्यांना, दोघांनाही सहसा ठाऊक नसतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांबरोबर शुश्रूषा करणारेही आहेत. तरुणांना संधी मिळते, हे चांगलंच आहे. पण परदेशासाठी जे काम आपण कौशल्याचं मानतो, ते आपल्या घरात आलं की त्याला अभ्यासक्रम, दर्जा आणि ठरलेला पगार का लागत नाही, याचं उत्तर सरकारने आणि आपणही द्यायला हवं.

पैसा कुठून येतो

पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या मावशीचा खर्च साधारण महिना वीस-तीस हजारांच्या घरात जातो, प्रशिक्षित नर्सचा त्याच्या कितीतरी पुढे. मेडिक्लेम उपचाराला पैसे देतो, रोजच्या शुश्रूषेला नाही. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. श्रावणबाळ योजनेतलं निवृत्तिवेतन महिना १,५०० रुपये आहे, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर.

म्हणजे शुश्रूषेचा बाजार मध्यमवर्गापासून वर सुरू होतो आणि तिथेही तो साठवलेली पुंजी खाऊन चालतो. बाकी सगळ्या घरांत बायको, सून किंवा मुलगी काम सोडून घरी बसते. तिचा बुडालेला पगार कुठल्याच हिशेबात येत नाही. जर्मनीने १९९५पासून आणि जपानने २०००पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा लागू केला. घरी राहणाऱ्या रुग्णालाही त्यातून सेवा मिळते. जर्मनीत नातेवाईक शुश्रूषा करत असतील तर रोख रक्कमही मिळते. आपल्याकडे असा विमा उद्या येणार नाही. पण या खर्चाचा भार एकट्या कुटुंबावर टाकणं हा निसर्गनियम नाही, एवढं तरी त्यावरून कळतं.

दिव्यांगांचा वेगळा प्रश्न

घरपोच मदतीची चर्चा ज्येष्ठांभोवतीच फिरते. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे ३० लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. मणक्याला इजा झालेला पंचविशीतला तरुण किंवा मेंदूचा पक्षाघात असलेली विद्यार्थिनी रुग्ण नसते. तिला आजारी माणसाची आया नको असते. सकाळी उठून तयार व्हायला, कॉलेजला पोचायला, प्रसाधनगृहात मदत करायला सहायक हवा असतो, आणि काय कधी करायचं ते ती स्वतः ठरवते. ब्युरोची मावशी घरच्या मोठ्यांचं ऐकते, तिचं नाही. भारताने २००७मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात समाजात स्वतंत्रपणे जगण्यासाठी अशा सहायकाचा उल्लेख आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी मदतनिसाचा भत्ता देण्याची तरतूद आहे. तो भत्ता हक्काने आणि पुरेसा मिळाला तर ही तरुण मुलं शिकतील, कमावतील. मुलाला सांभाळणारे आईवडील स्वतः सत्तरीला पोचले की काय, हा तर याहून बिकट प्रश्न आहे आणि तो हजारो घरांत आहे.

इथेच कायद्याची एक अडचण ध्यानात ठेवावी. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवर पालक नेमता येतो, पण तो स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांपुरता. स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या खात्यातून तिच्याच शुश्रूषेसाठी पैसे काढायला मुलांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. निदान झाल्या झाल्या, आईला कळतंय तोवर, संयुक्त खातं, नामनिर्देशन आणि तिच्या इच्छा लिहून ठेवणं हे करून घ्यावं.

जिथे जमलं आहे

हे सगळं अशक्य आहे असं मानायचं कारण नाही. केरळमध्ये १९९३ साली कोळिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या कामातून पुढे वस्ती-वस्तीत स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं. २००८मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं. आज तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पथकातली नर्स अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाते, नळी बदलते, जखम बघते आणि घरच्यांना शिकवते. शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाला 'आश्वासकिरणम' योजनेतून महिना ६०० रुपये देण्याची सोयही केरळने केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरी राबणाऱ्या बाईचं काम हे काम आहे, असं सरकारने त्यातून मान्य केलं. आपल्याकडे पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७पासून कर्करुग्णांना विनामूल्य सेवा देतं. त्याची पथकं घरीही जातात.

महाराष्ट्राला नवीन काही शोधून काढायचं नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघणं त्यात धरलेलं आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये ज्येष्ठांची आणि वेदनाशामक सेवा आहे. प्रत्येक केंद्राने आपल्या हद्दीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करून एका नर्सला महिन्यातून दोनदा त्या घरी पाठवलं, तर पगारी मावशी असलेल्या घराला देखरेख मिळेल आणि मावशी न परवडणाऱ्या घराला शिकवणारं माणूस मिळेल. जोडीला ब्युरोंची सक्तीची नोंदणी, शुश्रूषा करणाऱ्यांसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि किमान वेतन, आणि डिस्चार्जआधी नातेवाइकांना शिकवण्याची रुग्णालयांवर जबाबदारी, या मागण्या ज्येष्ठ नागरिक संघांनी, दिव्यांगांच्या संघटनांनी आणि घरकामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हव्यात. आजवर त्या वेगवेगळ्या दारांवर उभ्या राहिल्या. पण मावशीला नीट शिकवलं, नीट पैसे दिले आणि नीट झोपू दिलं, तर पलंगावरच्या माणसाच्या पाठीला जखम होत नाही. दोघांचं हित एकच आहे, आणि धोरणाची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.